आठ महिन्यांच्या अंतराचे दोन एक्सरे एकमेकांवर बसत नाहीत, ते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणीच्या एका तरुण डॉक्टरांनी खालच्या पहिल्या दाढेचं रूट कॅनल केलं. मुळाच्या टोकाशी काळा डाग होता. काम संपल्यावर एक आरव्हीजी (सेन्सरवर घेतलेला डिजिटल एक्सरे) घेतला आणि आठ महिन्यांनी पेशंट परत आला तेव्हा दुसरा. डाग कमी झाला की नाही हे नजरेनं ठरेना, म्हणून त्यांच्या इंजिनिअर भावाने एक छोटा प्रोग्राम लिहिला. दोन्ही चित्रांवर चार-चार खुणा करायच्या, दुसरं चित्र पहिल्यावर बसवायचं आणि एकातून दुसरं वजा करायचं. खुणा तंतोतंत बसल्या, प्रोग्राम म्हणतो चूक शून्य. पण वजाबाकीत मुळांच्या कडेनं काळ्या-पांढऱ्या दुहेरी रेघा उमटल्या आणि डाग तर वाढल्यासारखा दिसतोय. प्रोग्राम चुकला, की दाढच बिघडली?

दोन्ही फोटो मोठे करून पाहिले. माझ्या मते दोन्ही नाही. पहिल्या फोटोत मेसियल, म्हणजे पुढच्या बाजूच्या मुळातल्या दोन कॅनलमधला गुट्टापर्चा (कॅनल भरायचा रबरासारखा पदार्थ) एकाच पांढऱ्या रेघेसारखा दिसतोय. दुसऱ्यात त्याच मुळात दोन रेघा आहेत, मधे जवळपास एक मिलिमीटर फट. आठ महिन्यांत गुट्टापर्चा चालत जात नाही. चालली ती एक्सरेची ट्यूब. गालाकडचा आणि जिभेकडचा कॅनल एकमेकांपासून साधारण तीन मिलिमीटर अंतरावर असतात. तेवढ्या खोलीत फोटोवर एक मिलिमीटरचा फरक पडायला ट्यूबचा आडवा कोन 18 अंशांच्या आसपास बदलावा लागतो. एवढा कोन बदलल्यावर कुठलाही प्रोग्राम हे दोन फोटो एकमेकांवर बसवू शकत नाही. भावाला दोष देऊ नका.

कारण समजून घ्यायला संगणक लागत नाही, अंगण पुरतं. दोन काठ्या एकामागे एक रोवा, मधे हातभर अंतर ठेवा. सकाळच्या उन्हात मागच्या भिंतीवर दोघींच्या सावल्या पडतील, बहुतेक एकीवर एक. आता भिंतीच्या जागी एखादा पत्रा तिरका धरा. सावल्या ताणल्या जातील, कलतील, पण एक सावली दुसरीला जिथे झाकत होती तिथेच झाकेल. पत्रा कसा धरला होता हे कळलं तर ती ओढाताण गणिताने पूर्ण सरळ करता येते. मात्र तासाभराने ऊन सरकलं की झाकलेली काठी बाजूला बाहेर आलेली असते. मग पत्रा कितीही फिरवा, ती परत मागे लपत नाही.

ऊन म्हणजे ट्यूब, काठ्या म्हणजे दात आणि हाड, पत्रा म्हणजे सेन्सर. ट्यूब आणि दात यांचं आपसातलं नातं दोन्ही वेळेला तेच राहिलं आणि फक्त सेन्सर वाकडा बसला, तर चार खुणांचं प्रोजेक्टिव्ह गणित तो फरक अचूक काढून टाकतं. ट्यूब आणि दात यांचं नातंच बदललं, तर ते गणित फक्त एका पातळीपुरतं खरं ठरतं. तुमच्या चार खुणा बहुधा दाढेच्या मधल्या पातळीत होत्या, तेवढी पातळी जुळली. तिच्या पुढचं-मागचं सगळं सरकलेलं राहिलं, आणि त्याच तुमच्या दुहेरी रेघा.

आता ‘चूक शून्य’चं सांगतो, कारण इथे भलेभले फसतात. प्रोजेक्टिव्ह गणितात आठ अज्ञात असतात आणि चार खुणा बरोबर आठ आकडे देतात. म्हणजे त्या चार खुणा नेहमीच तंतोतंत बसणार, अगदी तुम्ही त्या डोळे मिटून टिचक्या मारून केल्या असल्या तरी. स्वतःच पेपर काढायचा, स्वतःच तपासायचा आणि पैकीच्या पैकी घ्यायचे, असा तो प्रकार. निदान आठ खुणा करा. सहा खुणांवर चित्र बसवा, दोन बाजूला राखून ठेवा आणि त्या राखलेल्या दोन कुठे पडल्या ते मोजा. तो आकडा खरा.

खुणा कुठे करायच्या हे डॉक्टरांनीच ठरवायचं, हे काम भावावर सोडू नका. इनॅमल (दाताचं वरचं कवच) आणि सिमेंटम (मुळावरचा थर) मिळतात ती रेघ, जुन्या फिलिंगचा धारदार कोपरा, क्राउनची म्हणजे दातावरच्या टोपीची कड, पल्प चेंबरचं म्हणजे दाताच्या आतल्या नसेच्या पोकळीचं छत, इम्प्लांट असेल तर त्याचे आटे, या सगळ्या जागा वर्ष-दोन वर्षांत हलत नाहीत. हाडाचा काठ मात्र खूण म्हणून कधीच घेऊ नका. ज्याचं माप घ्यायचं त्यालाच मोजपट्टी केलं, तर उत्तर नेहमी ‘बदल नाही’ असंच येणार. मुळाचं टोकही जपून घ्या, जुन्या सुजेत ते झिजतं. शेजारचा दात हलत असेल तर तोही नको. आणि मधल्या काळात दाढेवर नवीन क्राउन बसलं असेल, तर पहिल्या फोटोतली वरची सगळी खूण गेली असं समजा.

खुणा न करता आपोआप जुळवणारे प्रोग्रामही आहेत. इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरवर टर्बोरेग नावाचं प्लगइन चालतं. बाहेरच्या साध्या फोटोंवर वापरतात त्या एसआयएफटीसारख्या पद्धती एक्सरेवर बऱ्याचदा आपटतात, कारण दातांच्या कडा चित्रात पुसट असतात आणि पकडायला ठळक ठिपके कमीच सापडतात. मग तो प्रोग्राम सेन्सरच्या चौकटीलाच खूण समजून बसतो. म्युच्युअल इन्फर्मेशनवर, म्हणजे दोन चित्रांच्या छटांमधलं नातं मोजून, चालणारी जुळवणी जास्त बरी. फक्त तिलाही नवीन गुट्टापर्चा आणि क्राउन झाकून द्यावे लागतात, नाहीतर पांढऱ्याशुभ्र भागाच्या ओढीनं सगळं चित्र तिकडे घसरतं.

एक मात्र करू नका, आणि हे तुमच्या भावाला आजच सांगा. चित्र रबरासारखं हवं तिथे ताणून बसवणारी इलॅस्टिक जुळवणी दिसायला फार सुंदर असते, दुहेरी रेघा सगळ्या गायब होतात. पण तिला हाडाची कड आणि हाडाचा रोग यांतला फरक कळत नाही. डागाची कड दोन फोटोंत वेगळी दिसली की ती एक कड ओढून दुसरीवर नेऊन ठेवते. म्हणजे रोग वाढला असला तरी तो चित्रात बरा होतो. असला बरा झालेला रोग आपल्याला काय कामाचा?

मापं किती बारीक आहेत ते एकदा मनात बसवा, म्हणजे सेन्सर तोंडात धरून ठेवणाऱ्या होल्डरचा कंटाळा येणार नाही. खालच्या दाढेपाशी गालाकडची आणि जिभेकडची हाडाची भिंत एकमेकींपासून साधारण दहा मिलिमीटर लांब धरली, तर कोन पाच अंशांनी बदलल्यावर त्या फोटोत एकमेकींच्या तुलनेत जवळपास 0.9 मिलिमीटर सरकतात. दोन अंशांनी 0.35. आणि इम्प्लांटच्या बाबतीत पहिलं वर्ष सरल्यावर हाड वर्षाला 0.2 मिलिमीटरपेक्षा कमी झिजावं, हा 1986 सालापासून चालत आलेला निकष. म्हणजे हाताच्या एका हलक्या हिसक्यात चार वर्षांची झीज दिसूही शकते आणि लपूही शकते. मी तरी दोन-तीन अंशांपलीकडे कोन बदललेला दिसला की वजाबाकीच्या नादी लागत नाही.

अंतराचंही तसंच. ट्यूबमधला किरणांचा बिंदू सेन्सरपासून 40 सेंटिमीटर आणि दात सेन्सरपासून दोन सेंटिमीटर असेल, तर 21 मिलिमीटरचा दात फोटोत 22.1 दिसतो. बिंदू 20 सेंटिमीटरवर आणला की तोच दात 23.3. नुसती मोजपट्टी लावणाऱ्याला वाटेल की आठ महिन्यांत दात मिलिमीटरभर वाढला. गंमत म्हणजे यातला बराचसा फरक गणिताने जातो, कोनाचा जात नाही. म्हणून दोन्हींपैकी काय सांभाळायचं असं विचारलंत तर आधी कोन.

मग करायचं काय? जुळवणी फोटो काढतानाच करायची. पॅरलल पद्धतीचा, म्हणजे सेन्सर दाताला समांतर धरणारा होल्डर घ्या, मागच्या दातांसाठीचा पिवळा. त्याच्या बाईट ब्लॉकवर (दातांनी चावून धरायचा ठोकळा) पुट्टीचा, म्हणजे दातांचे ठसे घ्यायच्या लगद्याचा गोळा ठेवून पेशंटला चावायला लावा, वर-खाली दोन्हीकडच्या दातांचे ठसे त्यात उमटू द्या. पुट्टी घट्ट झाली की फोटो घ्या. नंतर तो ठसा ब्लॉकसकट धुऊन, जंतुनाशकात ठेवून, वाळवून एका झिपच्या पिशवीत टाका, वर नाव, दात नंबर आणि तारीख. पुढच्या वेळी तोच ठसा तोंडात गेला की दात, सेन्सर आणि होल्डरची बाहेरची रिंग यांची जागा आपोआप ठरते. ट्यूबचं तोंड रिंगला चिकटून आणि समांतर आहे ना, एवढंच पाहायचं. वीस रुपयांची पुट्टी तुमच्या भावाच्या वीस रात्री वाचवते.

पुट्टीच घ्या. ठशाचं दुसरं साहित्य, अल्जिनेट, वाळून आक्रसतं. वॅक्सचा ठसा मी सुरुवातीला वापरत असे. अंबाजोगाईला मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतल्या ड्रॉवरमध्ये ठेवलेले चौदा ठसे एका आठवड्यात भाकरीसारखे पसरले, तेव्हापासून सोडलं. मधल्या काळात त्या दातावर क्राउन बसलं, तर पुट्टीतला तेवढाच भाग ब्लेडने कापून काढा. शेजारच्या दातांचे ठसे जागा धरून ठेवतात.

आपल्याकडची खरी अडचण वेगळीच आहे आणि ती कुठल्या पुस्तकात ठळक लिहिलेली नसते. 2012 पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे, आणि माझ्या खुर्चीवर येणाऱ्या दर दिवसाच्या पेशंटमध्ये दोन-तीन तरी असे असतात ज्यांच्या तोंडात दोन बोटंसुद्धा उभी जात नाहीत. गालाच्या आत पांढऱ्या दोऱ्या झालेल्या, तोंड उघडायचं म्हटलं की डोळ्यांत पाणी. अशा तोंडात होल्डर जात नाही, आणि पुट्टीचा गोळा तर नाहीच. तिथे मी छोटा सेन्सर किंवा लहान फिल्म घेतो, बायसेक्टिंग पद्धतीने (दात आणि सेन्सर यांच्यातल्या कोनाच्या मधल्या रेषेवर ट्यूब काटकोनात रोखून) काढतो आणि ट्यूबवरच्या कोनाच्या चकतीवरचा आकडा कार्डावर लिहून ठेवतो. डोकं कसं ठेवलं होतं हेही लिहितो. मग पुढच्या वेळी निदान त्याच गल्लीत तरी पोहोचता येतं. अशा पेशंटच्या फोटोंची वजाबाकी मात्र करत नाही. शेजारी-शेजारी ठेवून बघतो आणि बोलताना ‘वाटतंय’ हा शब्द वापरतो.

माझ्या स्वतःच्या फजितीचं एक सांगतो. धारूरकडची एक बाई दिवाळीच्या आधी, ऊसतोडीच्या टोळीबरोबर साखर कारखान्यावर जायच्या दोन दिवस आधी आली. खालच्या उजव्या दुसऱ्या प्रीमोलरच्या (दाढांच्या पुढची छोटी दाढ) मुळाच्या टोकाला गोल काळा डाग दिसला. दात किडका नव्हता, दुखणं गालात पसरलेलं होतं. वेळ नव्हता, मी गोळ्या दिल्या आणि परतल्यावर या म्हटलं. ती गुढीपाडव्यानंतर आली. नवीन फोटो काढला, मी तेव्हा नुकताच वजाबाकी शिकलो होतो, दातावर चार खुणा करून चित्र बसवलं. टोकाशी छान पांढरा गोळा उमटला, म्हणजे तिथे हाड भरलेलं. तिला स्क्रीनवर दाखवून मोकळा झालो.

रात्री चित्र पुन्हा उघडलं तेव्हा दिसलं की पांढऱ्या गोळ्याच्या पुढेच, दोनेक मिलिमीटरवर, तेवढाच काळा गोळा आहे. डाग भरला नव्हता, सरकला होता. नवीन फोटोत दाताच्या टोकाभोवतीची लॅमिना ड्युराची, म्हणजे मुळाभोवतीच्या घट्ट हाडाच्या थराची, पांढरी रेघ अखंड दिसत होती. तो मेंटल फोरामेन होता, नस बाहेर पडते ते भोक. ते दाताच्या पुढे गालाच्या बाजूला असतं, त्यामुळे ट्यूबचा कोन बदलला की ते दाताच्या तुलनेत हलतं. गालाकडची वस्तू ट्यूबच्या उलट्या दिशेला सरकते आणि जिभेकडची ट्यूबबरोबर, हा नियम 1910 साली क्लार्क यांनी मांडला आणि आपण सगळे तो परीक्षेत लिहून आलोय. दुसऱ्या दिवशी तिला बोलावून थंड बोळा लावून पाहिला, दात शेजारच्यासारखाच जिवंत. खरं दुखणं वरच्या अक्कलदाढेचं निघालं. तिला सगळं सांगितलं तर म्हणाली, “मंग त्या गोळ्या कामून देल्या व्हत्या?”

तेव्हापासून वजाबाकीच्या चित्रात काळ्याशेजारी पांढरं, तेही तेवढ्याच आकाराचं, अशी जोडी दिसली की मी आधी ‘सरकलं’ म्हणतो. खरा बदल एकटा येतो, त्याला जोडीदार नसतो. तुमच्या चित्रात डागाच्या खालच्या कडेला काळी कोर आहे आणि वरच्या कडेला पांढरी, ते बघा पुन्हा.

राखाडी छटांचं थोडक्यात. वजाबाकी करताना 128 मिळवायचे असतात, म्हणजे जिथे बदल नाही तो भाग मधला राखाडी येतो. पण त्याआधी दोन्ही फोटोंचा उजेड आणि कॉन्ट्रास्ट सारखा हवा. जुन्या एसी मशीनवर संध्याकाळी व्होल्टेज पडलं की ट्यूबचा केव्ही (किरणांचा जोर ठरवणारा दाब) पडतो आणि कॉन्ट्रास्ट बदलतो. सेटिंग तेच, फोटो वेगळा. नवीन डीसी मशीनवर हा त्रास कमी. दातांचा न बदललेला भाग दोन्ही फोटोंत निवडून त्याच्या छटा जुळवून घेता येतात, किंवा होल्डरला अॅल्युमिनियमच्या पायऱ्यांची छोटी पट्टी चिकटवून ठेवता येते, ती दोन्ही फोटोंत येते. आणि आरव्हीजीच्या सॉफ्टवेअरमधलं शार्पन आधी बंद करा. ते गुट्टापर्चाच्या कडेला काळी किनार काढतं. तुमच्या दुहेरी रेघांतल्या काही त्याच्याही असतील. फाइल टिफ किंवा डायकॉममध्ये काढा. व्हॉट्सअॅपवरून एकदा फिरून आलेल्या फोटोवर वजाबाकी करणं म्हणजे चाळणीत दूध काढणं.

जुनी फिल्मच असेल आणि पेशंटनं ती ट्यूबलाइटसमोर धरून मोबाइलवर फोटो काढून आणला असेल, तर तो आधी सरळ करून घ्या. नेहमीची मोठ्यांची फिल्म 31 बाय 41 मिलिमीटर असते. तिचे कोपरे गोल असतात, म्हणून कोपऱ्यावर खूण न करता चारही कडांच्या रेघा लांबवा आणि त्या जिथे छेदतात ते बिंदू घ्या. फिल्मवरचा उंचवट्याचा ठिपका आपल्याकडे आहे का पाहा, नाहीतर डावी बाजू उजवी होऊन बसते. एवढं करून ती जेमतेम डोळ्याने तुलना करण्याजोगी होते.

ओपीजीवर, म्हणजे सगळ्या जबड्याच्या एकाच लांब एक्सरेवर, हे प्रयोग नको. तिथे आडवं मोठेपण जागोजागी वेगळं असतं आणि मान किंचित वळली तरी बदलतं. सीबीसीटीमध्ये (जबड्याचा सीटी स्कॅन) त्रिमिती चित्र असल्याने कोनाचा प्रश्नच उरत नाही, पण केवळ तुलना सोपी व्हावी म्हणून पेशंटला तेवढे किरण देणं मला पटत नाही.

एवढी खटपट करावीच का, असं वाटेल. बेंडर आणि सेल्टझर यांनी 1961 मध्ये दाखवलं की हाडाच्या आतल्या जाळीदार भागातली पोकळी साध्या फोटोत नीट दिसतच नाही, बाहेरची कठीण भिंत खाल्ली जायला लागली की दिसते. क्षारांचं प्रमाण 30 ते 50 टक्के घटेपर्यंत आपल्या डोळ्याला पत्ता लागत नाही, असं आपण शिकतो. चांगल्या जुळवणीनंतरची वजाबाकी त्याहून कितीतरी लहान बदल पकडते. म्हणून ती शिकण्यासारखी आहेच. फक्त ती ज्या फोटोंवर चालते ते फोटो आधी तिच्यासाठी काढलेले असावे लागतात.

तुमच्या पेशंटचं आता. दुखत नाही, ठोकल्यावर दुखत नाही, गाठ नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग आठ महिन्यांचा डाग शिल्लक दिसला म्हणून घाबरू नका. युरोपातल्या एंडोडोंटिक सोसायटीची मार्गदर्शक तत्त्वंसुद्धा पहिला फोटो वर्षाने पाहायला सांगतात आणि डाग राहिला तर चार वर्षांपर्यंत लक्ष ठेवायला. आज तिसरा फोटो काढायचा असेल तर पहिल्या फोटोचा कोन पकडायचा प्रयत्न करा. मेसियल मुळातल्या दोन रेघा पुन्हा एक झाल्या की तुम्ही जवळ आलात. त्या कोनात पुट्टीचा ठसा घेऊन ठेवा. तो पेशंटच्या हातात देऊ नका, क्लिनिकमध्येच ठेवा. मी एकदा दिला होता, घरी नातवाने खेळायला घेतला.